कौन्सिलर झिराडकरांचा नवस

योना झिराडकर कौन्सिलच्या सभेत झोपतो, असं समोरच्या बाकांवरची मंडळी चोवीस वर्षं म्हणत आली आहेत. हे साफ खोटं आहे. त्याचे डोळे उघडे असतात, टायची गाठ जागच्या जागी असते आणि मत द्यायची वेळ आली की हात बरोबर वर जातो. फक्त मधल्या वेळात तो तिथे नसतो. गटारांवरचा अहवाल वाचला जात असतो आणि योना अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर उभा असतो, सात वर्षांचा, वडिलांचं बोट धरून. त्या कातळावर एक खोल खूण आहे. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचा रथ स्वर्गात जाताना तिथे टेकला होता, ही त्याच्या चाकाची खूण, असं कोकणातले बेने इस्राएल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पोराने त्या खुणेत तळवा ठेवला तेव्हा कातळ गरम लागला. वडील म्हणाले, ऊन आहे. योना आता पंचाहत्तरीला आला, तरी त्याला ते पटलेलं नाही.

मुंबईहून तो लंडनला आला चोविसाव्या वर्षी, आणि दहाएक वर्षं कुणाकुणाच्या हाताखाली काढून त्याने इल्फर्डजवळ स्वतःचं दुकान टाकलं. शाळेचे गणवेश. ब्लेझर, टाय, करड्या पँट, मुलींचे पिनाफोर. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अख्खं उपनगर दुकानापुढे रांग लावायचं आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी दुकानाला कुलूप असायचं. त्याचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, विश्रांतीचा वार म्हणून, बैल सोडून ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. घाणा गेला, बैल गेले, पण शनिवार राहिला. गिऱ्हाइकं पहिली दोन वर्षं चिडली, मग शुक्रवारीच येऊ लागली.

राजकारणात तो शिरला तो या दुकानातूनच. वॉर्डातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्याच्या टेपखालून गेलेलं. प्रचाराला दार ठोठावलं आणि समोर सहा फुटी दाढीवाला बाप्या आला, तर योना हात पुढे करून म्हणायचा, "तू थर्टी-टू चेस्ट, लाँग स्लीव्ह. बाही नेहमी चावायचास." दाढीवाला लाजायचा आणि मत द्यायचा. पक्ष कॉन्झर्व्हेटिव्ह. त्याला तो पक्ष का आवडला याचं कारण त्याने कधी पुस्तकात शोधलं नाही. जे धड चाललंय त्याला उगीच हात लावू नये, एवढंच त्याचं राजकीय तत्त्वज्ञान. लाल टपालपेटी हलवायची? विरोध. चौकात वाहतुकीचं छोटं वर्तुळ घालायचं? विरोध. लायब्ररीच्या दाराला नवा रंग? कुठला ते आधी सांगा. बरेचदा तो हरायचा आणि नव्या वर्तुळाला वळसा घालून निमूटपणे घरी जायचा.

त्याच्या पहिल्याच सभेची गोष्ट अजून सांगतात. २००२ सालची. विषय होता त्याच्याच दुकानासमोर पिवळ्या रेघा मारायचा, म्हणजे तिथे गाडी उभी करायला बंदी. सभेच्या सुरुवातीला अध्यक्ष विचारतात, कुणाचा कुठल्या विषयात काही इंटरेस्ट, म्हणजे हितसंबंध, आहे का? असेल तर सांगायचं आणि तो विषय निघाला की उठून बाहेर जायचं. बाकीचे चाचपडत असताना योना उभा राहिला. "ते दुकान माझं आहे," म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला. आत रेघा मंजूर झाल्या. बायकोने, एलिशेबाने, विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "रेघा झाल्या." ती हसली. त्या दिवशी ती इतकी का हसली, हे त्याला कळलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

आता एका हॉलबद्दल. दुकानापासून दोन गल्ल्या सोडून एका चर्चचा जुना हॉल आहे. हिरवं लिनोलियम, त्यावर बॅडमिंटनच्या फिकट रेघा, भिंतीवर कुठल्याशा मुलींच्या पथकाने रंगवलेली इंद्रधनुष्यं. इथे बेने इस्राएलांची मंडळी चाळीस वर्षं जमत आली. त्यांचं तोराचं, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीचं, कपाट एका कोपऱ्यात, आणि शेजारी एक उंच पाठीची खुर्ची, पांढऱ्या कापडाने झाकलेली. ही एलियाहू हन्नबीची खुर्ची. तिच्यावर कुणी बसायचं नाही. तो केव्हा येईल सांगता येत नाही. एजवेअरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून एलिशेबाने ती हेरून आणली होती. चर्चवाल्या म्हाताऱ्या बायका दर सोमवारी हॉल पुसताना ती खुर्चीही पुसत आणि तिच्यावर न बसता बाजूच्या स्टुलावर बसून चहा पीत.

मंडळी आता वीसेक उरली होती. पोरंबाळं इंग्रजीत बोलतात, इंग्रजीतच रुसतात. महिन्यातून एकदा या हॉलमध्ये मलिद्याचं ताट भरलं जायचं तेव्हा मात्र म्हाताऱ्यांच्या तोंडून मराठी निघायचं. भिजवलेले पोहे, त्यात नारळ, साखर, वेलची, भोवती पाच फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. त्या वासासरशी कुणाला पेण आठवे, कुणाला रेवदंडा. हा हॉल गेला तर ही माणसं चारी दिशांना पांगणार आणि पुन्हा एका ताटाभोवती जमणार नाहीत, हे योनाला स्वच्छ दिसत होतं. आणि हॉल जाणार होता. चर्चने तो विकायला काढला होता, एका कंपनीला तो पाडून तिथे फ्लॅट बांधायचे होते, आणि तशी पिवळी नोटीस समोरच्या खांबावर लागली होती. परवानगी द्यायची की नाही हे ठरवणार कौन्सिलची नऊ जणांची प्लॅनिंग कमिटी. त्या नवांत योना एक.

फेब्रुवारीतल्या ज्यूंच्या झाडांच्या सणाला मलिदा होता. सगळे त्या पाठीराख्या संदेष्ट्याचं नाव घेऊन गात होते, ताट योनाच्या हातात होतं, आणि नेहमीप्रमाणे तो तिथे नव्हता. कातळावर उभा होता. गाणं संपलं तरी त्याला कळलं नाही. भानावर आला तेव्हा आपणच मोठ्याने बोलतो आहोत हे त्याला ऐकू आलं.

"हन्नबी, हा हॉल पडू देऊ नकोस. वाचला तर शंभर माणसांना मलिदा घालीन!"

"आमेन," एकोणीस जण म्हणाले. एलिशेबाने फक्त त्याच्याकडे पाहिलं.

मार्चच्या सुरुवातीला कमिटीच्या सभासदांना दरवर्षीची शिकवणी होती. शिकवायला कौन्सिलची कायदा अधिकारी ईशिता. आईवडील नागपूरचे, ही जन्मली हॅरोत. मराठी बोलते, पण शब्द स्त्रीलिंगी की पुल्लिंगी या भानगडीत फारशी पडत नाही. नियम तिने नेहमीसारखा सांगितला. प्लॅनिंगच्या अर्जावर आधी सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि मग ठरवायचं. जो आधीच ठरवून आला, त्याने तसं सांगून बाहेर जायचं. योनाने हा नियम चोवीस वर्षं ऐकला होता. या वेळी तो त्याच्या छातीत कुठेतरी अडकला.

सगळे गेल्यावर तो तिच्या टेबलाशी रेंगाळला. "ईशिता, समजा, एखाद्याने नवस केला असेल तर?"

"नवस इज लाइक अ प्रेयर, काका?"

"नुसती प्रेयर नाही गं. अमुक झालं तर तमुक करीन, असा शब्द द्यायचा."

तिने पेन खाली ठेवलं. "अमुक झालं तर… मग त्याला अमुकच पाहिजे ना? माइंड ओपन कुठे राहिली?" मग दाराकडे पाहून, "काका, तुम्ही हे मला ऑफिशियली विचारता का? की असंच?"

"असंच."

"मग मी पण असंच सांगते. त्या माणसाने बाहेर जायचं."

योनाने कपाळावर हात मारून घेतला. चोवीस वर्षांत त्याने कुणाच्या लग्नात जेवताना बांधकामाचा विषय निघाला तरी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचं सोडलं नव्हतं. आणि आता अर्ज कमिटीपुढे असताना भर मंडळीत नवस! दुसऱ्या कुठल्या कौन्सिलरच्या हातून ही चूक झाली नसती. त्यांना मुळात नवस करताच येत नाहीत. आपली जागा बदली सभासदाला द्यावी म्हटलं, तर त्याच्या पक्षाचा तो एकुलता एक बदली सभासद त्या आठवड्यात टेनेरिफ बेटावर उन्हात पडणार होता. आणि कमिटीत चार जण हॉल वाचवायच्या बाजूचे, चार जण फ्लॅटच्या, हे आता कॅन्टीनवाल्यालाही ठाऊक होतं. नववा हात योनाचा.

त्याच्या बहिणीचा मुलगा ऍरन मंडळीचा सेक्रेटरी. पन्नाशीचा, औषधांचं दुकान चालवणारा, स्वभावाने तापट. मामाचा चेहरा पाहून त्याने सगळं काढून घेतलं आणि तो उसळलाच.

"मामा, देवाशी बोललेलं कौन्सिलला कशाला सांगायचं? दॅट्स प्रायव्हेट!"

"प्रायव्हेट कुठे? एकोणीस जण आमेन म्हणाले."

"ते एकोणीस आपले आहेत. नोबडी विल से अ वर्ड. तुम्ही फक्त गप्प बसा आणि हात वर करा. आयुष्यात एकदा, मामा. आमच्यासाठी."

आमच्यासाठी हा शब्द त्याने फार जपून, हलक्या आवाजात उच्चारला. योनाला त्याचा राग आला नाही. या पोराचा तेराव्या वर्षीचा बार मित्झवा, म्हणजे वयात आल्याचा विधी, त्याच हॉलमध्ये झाला होता, योनाच्याच दुकानातल्या ब्लेझरमध्ये, बाह्या दोन इंच लांब ठेवून.

सभेच्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. योना ब्लेझरच्या रांगेशेजारी खुर्चीत बसला होता, आणि त्याला रथ दिसला. क्रॅनब्रुक रोडवरून सावकाश येत होता, झेब्रा क्रॉसिंगला थांबून दोन शाळकरी पोरींना वाट देत. दुकानासमोर मात्र तो थांबेना. पिवळ्या रेघा होत्या. शेवटी संदेष्टा पुढच्या वळणावर रथ लावून चालत आला, दाढीवर धूळ, आणि आरशासमोर उभा राहिला. योनाने टेप काढली. फॉर्टी-फोर चेस्ट. बाह्या मोजताना त्याला धीर करून विचारायचं होतं, हॉलचं काय करू? पण संदेष्ट्याने आरशात पाहतच विचारलं, "माझी खुर्ची कुठे ठेवणार आहेस?" योनाने टेप गुंडाळायला घेतली आणि दाराची घंटा वाजली. एक बाई मोजे बदलून घ्यायला आल्या होत्या.

एलिशेबाने संध्याकाळी त्याचा सूट काढून ठेवला. चौकशी नाही, सल्ला नाही. त्याने टायची गाठ मारताना विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, पाऊस येईल. छत्री घ्या," ती म्हणाली.

सात वाजता सभा सुरू झाली. अध्यक्ष डोरीन पॉट्स, विरोधी पक्षाच्या, कडक बाई. त्यांचे दोन्ही मुलगे योनाच्या दुकानात वाढले होते आणि तरीही त्यांनी योनाच्या एकाही सूचनेला आजवर अनुमोदन दिलं नव्हतं. वर प्रेक्षकांच्या बाकांवर ऍरन आणि मंडळीतले सातआठ जण, एकाला एक खेटून. दुसरा विषय, नेहमीचा. कुणाचा काही इंटरेस्ट? डोरीनबाईंनी कागदावरून नजरही न उचलता विचारलं.

योनाने वर पाहिलं. ऍरन मान हलवत होता, अगदी थोडी. दोन सेकंद योना पुन्हा सात वर्षांचा झाला, तळव्याखाली कातळ होता. मग त्याने खुर्ची मागे सारली आणि उभा राहिला.

"चेअर, चर्च हॉलच्या अर्जात माझा इंटरेस्ट आहे."

"पैशाचा?" डोरीनबाईंनी विचारलं.

"नाही. मी एका संदेष्ट्याला शब्द दिला आहे. हॉल वाचला तर शंभर लोकांना जेवू घालीन म्हणून."

सभागृहात कुणी हसलं नाही, कारण हसावं की नाही हे कुणाला ठरवता आलं नाही. मिनिट्स लिहिणाऱ्याने हे लिहायचं कसं म्हणून ईशिताकडे पाहिलं. तिने तोंड उघडायच्या आत योनाच म्हणाला, "लिहा की कौन्सिलर झिराडकर यांचं मन बंद आहे. तेवढं पुरे."

हॉलचा विषय निघाला तसा तो छत्री घेऊन बाहेर गेला. दार लोटताना त्याने मागे वळून पाहिलं. त्याची खुर्ची रिकामी होती आणि वरच्या दिव्याचा पांढरा उजेड नेमका तिच्यावर पडला होता. त्या घडीला त्याला भयंकर एकटं वाटलं. चाळीस वर्षं आपल्या माणसांनी जपलेली जागा आपण एका वाक्यात घालवली, आणि तीही कुणी विचारलं नसताना. बाहेरच्या बाकावर, जुन्या मेयरांच्या तसबिरींखाली बसून त्याने डोळे मिटले. या वेळी रथ आला नाही, कातळही आला नाही.

पावणेनऊला दार उघडलं. ईशिता बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"फोर-फोर, काका. मग चेअरने आपली जादाची, कास्टिंग व्होट दिली." ती म्हणाली. "फ्लॅट्स."

डोरीनबाई पाठोपाठ आल्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. चोवीस वर्षांतलं पहिलं अनुमोदन म्हणायचं तर ते हेच. ऍरन मात्र जिन्यावरून उतरला तो थेट समोर येऊन उभा राहिला. डोळे लाल.

"झालं समाधान? तुमचं मन साफ राहिलं. आता आम्ही कुठे जायचं, मामा?"

योनाने बाकावरची छत्री उचलली. घरी जाताना खरंच पाऊस आला आणि छत्री उघडायची त्याला आठवण राहिली नाही.

हॉल तीन आठवड्यांनी रिकामा करून द्यायचा होता. तोराचं कपाट तूर्त दुसऱ्या एका सिनेगॉगने ठेवून घेतलं. दोन घरांनी योनाला फोन करणं सोडलं. निवडणूक मे महिन्यात होती आणि तो पुन्हा उभा राहणार नव्हताच, पण आता वॉर्डातून फिरताना त्याला दारं ठोठावावीशी वाटेनात. स्वप्नंही पडत नव्हती. दुकानात तो नुसता बसायचा, पूर्ण जागा.

एका रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात गेला तर एलिशेबा परातभर पोहे भिजवत होती. ओट्यावर दोन नारळ, वेलची, पाच फळं.

"हे काय?"

"मलिदा. दुकानात. अकरा वाजता सगळ्यांना बोलावलंय."

"अगं, पण हॉल गेला. माझा नवस फळला नाही."

"तुमचा नाही," ती म्हणाली आणि नारळ खवायला घेतला.

अकराला पंधरा माणसं आली. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, ब्लेझरच्या रांगा भिंतीला सरकवल्या. सगळ्यात शेवटी ऍरन आला, मोटारीतून ती उंच पाठीची खुर्ची काढून, खांद्यावर घेऊन. मामाला वळसा घालून त्याने ती आरशासमोर ठेवली. पांढरं कापड एलिशेबाने घातलं.

झिराडकरांच्या घरात रीत अशी की ज्याने नवस केला त्यानेच फेडताना तो सगळ्यांसमोर बोलून दाखवायचा. ताट एलिशेबाने उचललं. पंचावन्न वर्षांच्या संसारात तिने मंडळीत कधी भाषण केलं नव्हतं.

"हे पहिल्यांदा कौन्सिलला गेले ना, त्या दिवशी सकाळी मी नवस केला होता," ती म्हणाली. "नवा सूट घालून निघाले, छाती अशी पुढे. मला भीती वाटली. मी म्हटलं, हन्नबी, खुर्चीवर बसायला जो माणूस घरातून चाललाय, तोच घरी परत येऊ दे. दुसरा कुणी नको. तोच आला, तर खुर्ची सुटेल तेव्हा तुझा मलिदा करीन. चोवीस वर्षं रोज दार उघडताना बघायचे मी. परवा भिजून आले तेव्हा म्हटलं, आता मे महिन्यापर्यंत कशाला थांबायचं."

कुणीतरी नाक ओढलं. योनाने ब्लेझरच्या एका बाहीकडे टक लावून पाहिलं, ती बाही त्याला धूसर दिसत होती. पहिल्या सभेच्या रात्री ती रेघांवर एवढी का हसली होती, ते त्याला आता कळलं.

"आमेन," ऍरन म्हणाला. सगळ्यांत आधी तोच म्हणाला.

गाणं झालं. ताट हातोहात फिरलं. पोह्यांच्या वासाने कुणालातरी रेवदंडा आठवलं आणि म्हाताऱ्या बायका मराठीत एकमेकींना टोकू लागल्या. योना गर्दीतून सरकत आरशापाशी गेला आणि कापडाखालून त्याने खुर्चीच्या लाकडावर तळवा ठेवला. ते गरम होतं.

"हीटर लावलाय, मामा," मागून ऍरन म्हणाला आणि त्याने मलिद्याची वाटी मामाच्या दुसऱ्या हातात दिली.

योनाने मान डोलावली. त्याला ते पटलं नाही.